नव्वदाला एक उणा

वाराणसीतील दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून आहेत. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्याला ८९ ही संख्या हमखास चकवते. मराठीत ती ‘एकोणनव्वद’, म्हणजे नव्वदाला एक उणा. हिंदीत ‘नवासी’, म्हणजे ऐंशीवर नऊ. ७९ पर्यंत दोन्ही भाषा वजाबाकीच्याच वाटेने जातात: एकोणीस-उन्नीस, एकोणऐंशी-उन्यासी. ८९ पाशी वाटा फुटतात, आणि ‘नव्याण्णव-निन्यानवे’ येथे पुन्हा जुळतात. पण बेरजेच्या बाजूने!

उणे करून मोजण्याची ही रीत आपलीच नव्हे. प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोक तर १७, १८ आणि १९ या तिन्ही संख्यांना विसाला तीन, दोन व एक कमी अशा अर्थाची नावे देत. लिहिताना एकासाठी उभी रेघ, दहासाठी फुली; शून्य नव्हतेच. त्यांची भाषा लोपली, तरी संख्यानामे हस्तिदंती फाशांवर आणि मृतांची वये सांगणाऱ्या थडग्यांवरील लेखांत उरली.

आपल्याकडे संख्यानामाला आजही कायद्याचे वजन आहे. धनादेशावरील अंकी व अक्षरी रकमांत तफावत असल्यास, १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ अक्षरी रक्कमच प्रमाण मानते. ‘उन्यासी’ आणि ‘नवासी’ कानाला कितीही जवळचे वाटोत, हजारांच्या व्यवहारात त्यांमधील अंतर दहा हजार रुपयांचे असते.