थिजणारी मोरी

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याने कर्नाळ्याकडे निघालं की शिरढोण लागतं. वाट वाकडी करून इथे येणारे बहुधा वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव पाहायला येतात. ४ नोव्हेंबर १८४५ ला ते इथे जन्मले; त्यांचे आजोबा जवळच्याच कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. आपल्याला मात्र आज घराच्या दर्शनी बाजूने आत शिरायचं नाही. मागच्या पडवीत जायचं आहे, जिथे भांडी घासली जातात आणि खरकटं पाणी बाहेर पडतं. क्रांतिकारकाच्या गावात येऊन मोरीत डोकावणं कुणाला अप्रशस्त वाटेल. पण त्या दोन-चार हात जागेत जे रसायन चालतं, ते कळायला युरोपातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाची कित्येक वर्षं गेली होती.

सुरुवात न्हाणीघराच्या फळीवरच्या खोबरेल तेलाच्या बाटलीपासून करू. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला थिजतं. एरवी वर्षभर ते पाण्यासारखं वाहतं. जानेवारीत मात्र रात्रीचा पारा वीसच्या खाली उतरतो आणि सकाळी बाटलीत पांढरा गोळा दिसतो. तीच सकाळ सिंकखालच्या पाइपातही उजाडलेली असते. मे महिन्यात निमूट वाहणारी मोरी पौषात तुंबते. आपण दोष देतो पाइपाला.

प्रत्येक स्निग्ध पदार्थाचा थिजायचा बिंदू वेगळा. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल कोकणातल्या थंडीत थिजत नाही. तूप थिजतं. वनस्पती तूप ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान वितळावं असंच बनवलेलं असतं, म्हणजे पाइपात ते बाराही महिने घट्टच राहणार. मटणाची चरबी तर चाळिशी ओलांडल्याशिवाय वितळत नाही. आगरी मटणाचा रस्सा गार झाल्यावर टाळूला जो थर चिकटतो, तोच थर त्याच कारणाने पाइपालाही चिकटतो. फरक एवढाच, की टाळूवरचा थर गरम भाताच्या पुढच्या घासाबरोबर निघून जातो.

आता त्या रश्शाच्या एका थेंबाचा प्रवास पाहू. गरम पाणी आणि साबणाचा फेस यांत तो थेंब बारीक-बारीक होतो. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलात रुततं, दुसरं पाण्याला धरून राहतं, आणि तेल पाण्याच्या खांद्यावर बसून जाळीखाली उतरतं. कढई लख्ख दिसते. पण चार-पाच हात पुढे गेल्यावर पाणी गार झालेलं असतं, मागून आलेल्या साध्या पाण्याने साबण पातळ झालेला असतो आणि त्याची पकड सुटते. थेंब पुन्हा एकमेकांना भेटतात. पाइपाची भिंत गार असते, तिच्यावर ते बसतात. सिंकला जोडलेला लवचिक पाइप खाचाखाचांचा असेल, तर प्रत्येक खाच म्हणजे एक आयती वाटी. त्यावर चहाचा चोथा, भाताची शितं आणि पेजेची खळ येऊन बसते. चोथा विरघळत नाही. स्लॅब ओतताना सिमेंटमध्ये खडी असते, तसा तो त्या तुपकट थरात पक्का होतो.

वाटेत आणखी एक थांबा आहे, सिंकखालचं वळण. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने शौचकूपाच्या पाइपाला एस आकाराचा बाक देण्याचं पेटंट घेतलं. त्या बाकात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराची घाण हवा घरात येत नाही. आपल्याकडचा नहाणी ट्रॅप, अंगणातला गली ट्रॅप, सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप, सगळे याच कल्पनेवर चालतात. घड्याळजीची ही युक्ती नसती तर आजच्या उंच इमारतींत स्वयंपाकघरं राहण्याजोगी झाली नसती. पण साचलेलं पाणी गार असतं, आणि एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९२० ग्रॅमच भरत असल्याने ते पाण्यावर तरंगतं. वास अडवणारं पाणी तेलालाही बसायला जागा देतं. तुंबायला सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

इथवर सगळं थिजणंच होतं, आणि थिजलेलं पुन्हा वितळू शकतं. पाइप पुढे सिमेंटच्या चेंबरला मिळाला की प्रकरण बदलतं.

मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८११ च्या सुमारास साबणाचा एक नमुना तपासायला घेतला. १८२३ मध्ये त्याचा ग्रंथ आला तेव्हा उलगडा झाला होता: तेल काय, चरबी काय, दोन्ही मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांच्या जोडीतून बनतात, अल्कली ती जोडी फोडते आणि मेदाम्लांना धरून साबण बनवते. (हा गृहस्थ १०२ वर्षं जगला. फडक्यांच्या जन्माआधी २२ वर्षं त्याचा ग्रंथ आला, आणि १८८३ मध्ये फडके एडनच्या तुरुंगात वारल्यावरही तो सहा वर्षं होता.) साबण कसा होणार, हे मेदाम्लाला कोणता धातू भेटतो त्यावर ठरतं. पोटॅशियम भेटला तर साबण मऊ आणि पाण्यात सहज विरघळणारा. सोडियम भेटला तर आपली नेहमीची वडी. कॅल्शियम भेटला तर मात्र पाण्यात न विरघळणारा चिवट, चुनखडीसारखा साका.

हा तिसरा साबण प्रत्येकाने पाहिलेला आहे. बोअरवेलच्या जड पाण्याने अंघोळ केली की फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढुरका, चिकट थर बसतो. तो कॅल्शियमचा साबण. गटारात तोच बनतो, आणि मोठ्या प्रमाणावर. तळणीत पाण्याच्या वाफेने तेल आधीच थोडं फुटलेलं असतं, मोकळी मेदाम्लं तयार असतात. सिमेंटच्या भिंतीतून कॅल्शियम पाझरतो. गटारातले दगडासारखे गोळे म्हणजे बहुतांशी असाच साबण, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं. अशा गोळ्यांत पामिटिक आम्ल भरपूर सापडतं. पामतेलात ते सुमारे ४४ टक्के असतं, शेंगदाणा तेलात दहाच्या आसपास. पामतेलात तळणाऱ्या फरसाणाच्या दुकानांजवळचं गटार घराजवळच्या गटाराआधी का तुंबतं, हे या दोन आकड्यांवरून थोडंफार उमगतं.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये रस्त्याखाली असा एक गोळा सापडला. लांबी २५० मीटर, वजन १३० टन. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले, त्याच्यापासून काही जैवइंधन बनवलं गेलं, आणि पुढच्या वर्षी त्याचा तुकडा काचेच्या पेटीत घालून तिथल्या संग्रहालयात मांडला. लोक तो पाहायला गेले, यात मला नवल वाटत नाही.

शिरढोणसारख्या गावातल्या जुन्या मोरीत हे होत नव्हतं. कारण काही पावित्र्य वगैरे नव्हे, रचना होती. भांडी चुलीच्या राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासली जात. राख तेल शोषून घेते, खरवडते, आणि तिच्यातलं पोटॅश मोकळ्या मेदाम्लांचा थोडा मऊ, विरघळणारा साबण बनवतं. म्हणजे घासणारी बाई नकळत शेव्रलचाच प्रयोग करत असे, तोही योग्य धातू घेऊन. पाणी बंद पाइपात न जाता उघड्या चरातून परसातल्या केळीच्या आणि अळवाच्या बुंध्याशी जाई. तिथे ऊन, माती, जंतू आणि गांडुळं असत. थर बसायला गार नळीच नव्हती.

शिवाय तूप मोरीपर्यंत पोचतच नसे. कढवल्यावर तळाला राहिलेल्या बेरीवर साखर पडे आणि पोरं त्यावर तुटून पडत. मग त्याच भांड्यात कणीक मळायची, किंवा गरम पाणी फिरवून ते आमटीत ओतायचं. तळणीच्या कढईत भात कालवून कढई पुसली जाई. याला कुणी ग्रीस व्यवस्थापन म्हणत नव्हतं, काटकसर म्हणत होतं.

चूल गेली, ओटा आला, केळीच्या जागी फरशी आली. आता राख पीव्हीसी पाइपात ओतू नका; ती तळाला बसून घट्ट होते. जुन्या रीतीतलं घेण्यासारखं आहे ते मोरीच्या आधी होणारं काम. चरबी थिजणारच आहे, तर तिला भांड्यातच थिजू द्यावं. मटणाचं पातेलं लगेच धुवायला न घेता गार होऊ द्यायचं, वर आलेला पांढरा थर उलथन्याने काढून ओल्या कचऱ्यात टाकायचा, उरलेलं जुन्या वर्तमानपत्राने पुसायचं, मग पाणी. हॉटेलांच्या सांडपाण्यावर ग्रीस ट्रॅपची पेटी बसवतात, तिचं तत्त्व हेच: पाणी कप्प्यांतून सावकाश न्यायचं, गार होऊ द्यायचं, वर आलेला तवंग काढून घ्यायचा. तो वेळेवर काढला नाही तर पेटी असून नसून सारखीच.

तळणीचं जुनं तेल सिंकमध्ये ओतण्याला तर सबबच नाही. तेल कुठवर वापरावं याला १ जुलै २०१८ पासून देशात मर्यादा आहे: त्यातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरता येत नाही. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं तेल गोळा करून जैवइंधनाकडे वळवण्याची ‘रुको’ ही योजना आणली. घरी मात्र एक झाकणाची बाटली पुरते.

उपायांपैकी काहींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना निकामी करतात. चरबीला त्याने फारसं काही होत नाही. उकळतं पाणी ओतलं तर पीव्हीसी मऊ पडतो, सांधे सैल होतात, आणि वितळलेली चरबी चार फूट पुढे जाऊन पुन्हा थिजते, बहुधा तिथे, जिथे तुमचा हात पोचत नाही. कॉस्टिक सोडा चरबीचा खरोखर साबण करतो. पण तो पाण्यात पडताच भयंकर तापतो, ॲल्युमिनिअमला खातो, आणि तुंबलेल्या ट्रॅपमध्ये साचून राहिला तर नंतर ट्रॅप उघडणाऱ्या प्लंबरचे हात भाजतात. ट्रॅपखाली बादली ठेवून तो हाताने उघडणं, ब्रशने घासणं आणि पुन्हा बसवणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे. किळस सोडली तर त्यात अवघड काही नाही.

ज्या घरांचं पाणी अजून अंगणात जिरतं, त्यांच्यासाठी शोषखड्डा आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर असे खड्डे करून उघडी गटारं बुजवली आणि डासांना पळवलं. पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ती रीत राज्यभर गेली. चार-चार फुटांचा खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. गाळ आणि तवंग टाकीत अडतो, पाणी दगडांतून जमिनीत मुरतं. टाकी वेळोवेळी उपसावी लागते. नाही उपसली, तर तेलाचा पापुद्रा मातीची छिद्रं बुजवतो आणि खड्डा डबकं होतो. कोकणात तर आषाढात जमीनच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे उपसायचं काम पावसाच्या आत, वैशाखातच उरकावं लागतं.

मोरीचं वेळापत्रक मात्र खोबरेलाच्या बाटलीवरून ठरवता येतं. ती पांढरी झाली की रात्रीची पातेली आधी पुसायला घ्यायची आणि रविवारी ट्रॅप उघडायचा. बाटली मग नेहमीप्रमाणे उन्हात, पायरीवर.