टेंभरं पाखरांसाठी

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या रामपायलीचा. चंदन नदीकाठचं आमचं गाव धानाचं, पण आजोळ लालबर्र्याच्या जंगलाकडचं. उन्हाळ्यात आजी तेंदूपत्त्याची ५०-५० पानांची गड्डी बांधायची, आम्ही पोरं पानं मोजून द्यायचो. कोवळी पानं भरपूर फुटावीत म्हणून आधी झुडपं छाटायची, आग लावायची, हा तिथला रिवाज. त्या आगीत जमिनीवरची अंडी-पिल्लं होरपळतात आणि छाटलेल्या झुडपाला टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत. पोटासाठी एवढं चालायचंच, असं सगळेच म्हणायचे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तसं म्हटलं नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या या लहानशा गावाला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. टेंभरं माणसांनी खावीत, पाखरांनीही खावीत, हा विचार. ३४ हेक्टर जंगल देवराई म्हणून राखून ठेवलं. पोटाचा प्रश्न बांबूने सोडवला: तोडणी, विक्री, मजुरी सगळं ग्रामसभेच्या हाती. जंगलाची राखणही गावकरीच करतात.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आणखी पुढे गेलं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाल्यावर २०१३ मध्ये गावाने शेतजमिनीही १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेला दिल्या. कसणारा तोच, वारसाहक्कही कायम. फक्त जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ पासून एक विश्वस्त संस्था जमिनी राखून तिथल्या पायवाटा लोकांना खुल्या ठेवते आहे. तिथे विश्वस्त, इथे ग्रामसभा. जमीन विक्रीपासून वाचवायची, हे दोन्हीकडे सारखंच.

आमच्या बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगल आहे. कान्हा आणि पेंचमधल्या वाघांची ये-जा इथूनही होते. वनहक्क कायदा केंद्राचा, म्हणजे मध्य प्रदेशालाही तोच लागू. त्याच्या कलम ५ ने वन्यजीव, जंगल आणि पाणवठे राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. सामूहिक हक्काच्या दाव्यासाठी ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, हद्दीचा नकाशा करते, पुरावे जोडते. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो.

जंगलाच्या जुन्या हद्दी, पाणवठे, वाटा ज्यांना तोंडपाठ आहेत, अशी माणसं आज गावोगावी आहेत. ती आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत दाव्याचा विषय मांडा.