खाऱ्या वाऱ्यातला वस्तरा

मालवणात लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, विहिरीवरचा रहाट, काहीही घ्या. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून त्याचा भुगा करतात. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि श्रावणात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. अशा ठिकाणी जुने वस्तरे आणि दाढीचं सामान जमवायला घेतलं, की निम्मा वेळ शोधण्यात जातो आणि निम्मा गंज रोखण्यात. गेली काही वर्षं मी हेच करतो आहे.

सुरुवात एका चतुर्थीला झाली. माळा झाडताना आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आजोबा मुंबईला गिरणीत होते. ट्रंकेत पंच्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं दाढीचं मशीन निघालं. वरची टोपी, मधली पट्टी आणि मूठ, असे तीनच तुकडे. पट्टीखाली ‘मेड इन इंग्लंड’ आणि जिलेटचं नाव. पंचा जीर्ण झाला होता, ट्रंकेच्या तळाला भोकं पडली होती, पण मशीन शाबूत होतं, कारण ते पितळेचं होतं. मुठीवरचा निकेलचा मुलामा दोन ठिकाणी उडून आतलं पिवळं पितळ दिसत होतं. मी मूठ हातात धरली आणि माझा अंगठा आणि पहिलं बोट बरोबर त्या दोन जागांवर बसलं. रोज त्याच जागी धरून आजोबांनी तो मुलामा झिजवला होता. त्यानंतर मला कुठलंही जुनं मशीन नुसती वस्तू म्हणून बघता आलेलं नाही.

हे मशीन ‘टेक’ या जातीचं. 1930 च्या दशकाच्या अखेरीस ते निघालं आणि पुढची कित्येक दशकं चाललं. त्याच्या मागची गोष्ट अमेरिकेतली. किंग जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याला पातळ, दुधारी, बोथट झालं की टाकून द्यायचं पातं सुचलं. इतक्या पातळ पोलादाला धार धरवणं अशक्य आहे असं जाणकार सांगत होते. विल्यम निकर्सन या इंजिनियरने ते करून दाखवलं. 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 मशीनं आणि 168 पाती खपली. पुढच्याच वर्षी मशीनांचा आकडा नव्वद हजारांवर गेला आणि त्याच नोव्हेंबरात पेटंटही मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या सामानात ही मशीनं लाखांनी गेली, आणि घरी स्वतःच्या हाताने दाढी करायची सवय जगभर पसरली.

कोकणात ती सवय समुद्रावरून आली. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची, मालवणसमोर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं-ट्रंका पडावातून किनाऱ्याला लागायच्या. जहाजावर खलाशी म्हणून गेलेल्यांनी काही मशीनं आणली. काही पलीकडच्या गोव्यातून आली; 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीज अंमल होता आणि इकडे न मिळणारा परदेशी माल तिकडे दुकानात मिळे. म्हणून आमच्या भागातल्या माळ्यांवर इंग्लिश, अमेरिकन आणि जर्मन मशीनं एकाच घरात सापडतात. अमेरिकन जिलेट हाती आलं, तर पट्टीखालचं अक्षर आणि आकडा बघावा. 1950 नंतरच्या मशीनांवर अक्षर वर्षाचं असतं आणि आकडा तिमाहीचा. ‘ई 3’ म्हणजे 1959 सालची तिसरी तिमाही.

एक यंत्र मात्र माळ्यावर नाही, मुंबईच्या चोरबाजारात मिळालं: इंग्लंडचं ‘रोल्स रेझर’. चपटी, निकेल चढवलेली डबी. एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामड्याचा पट्टा आणि मध्ये आडव्या दांड्यावर एकच जाड पातं. दांडा मागे-पुढे सरकवला की प्रत्येक टोकाला पातं उलटतं आणि खट-खट असा ठोका पडतो. पातं टाकायचं नाही, रोज त्याच डबीत परजायचं. हे बनवणारी कंपनी 1964 साली बुडाली. माझ्या डबीतला दगड अजून काम देतो.

पण एवढ्याने संग्रह पुरा होत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला. जमवणारे आम्ही सगळे शेफील्ड, सोलिंगेन अशा परदेशी नावांमागे धावतो. गावातल्या न्हाव्याची धोकटी मात्र कोणी जपली नाही. गोव्यात ज्याला म्हालो म्हणतात, तो न्हावी काळवंडलेली चामड्याची धोकटी पाठीला लावून घरोघर यायचा, खळ्यात नाहीतर पडवीत बसायचा. वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, धार लावायचा निसणा, पट्टा, पाण्याची वाटी आणि हातात धरायला आरसा. साबण फार उशिरा आला. आधी नुसत्या पाण्याने गाल चोळून मऊ करायचे, आणि ते चोळणं हीच अर्धी कला होती. मोल सुगीला भाताच्या रूपात मिळे. याच हत्यारांना संत सेना न्हावी यांनी अभंगात परमार्थाच्या कामाला लावलं. आणि याच वस्तऱ्याने एकदा नकारही दिला: 1890 साली मुंबईतल्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ठरवलं, की विधवांचं केशवपन यापुढे करणार नाही. पोट ज्याच्यावर चालतं तो वस्तरा खाली ठेवण्याला किती धैर्य लागलं असेल! वस्तऱ्याच्या इतिहासातली याहून मोठी घटना मला माहीत नाही.

माझ्याकडे एकच पुरी धोकटी आहे. धंदा सोडलेल्या एका वृद्ध कारागिराने ती दिली. देण्याआधी त्यांनी मला पडवीत बसवून पट्टा चालवायला शिकवलं. पट्ट्याचं एक टोक खांबाला, दुसरं डाव्या हातात ताणून. वस्तरा पाठीच्या बाजूने पुढे सरकवायचा, धार मागे. टोकाला आलं की पाठीवरच उलटवायचा, धारेवर कधीच नाही. जोर शून्य. नीट चाललं तर कापड फाडल्यासारखा मऊ आवाज येतो. चुकलं तर पट्ट्यावर चीर पडते आणि धारही जाते. माझ्या हातून दोन चिरा पडल्या. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “झिला, वस्तरो दिसाक नाय, चलाक होयो.”

वस्तऱ्याला ते खोबरेल लावायचे, कोयत्याला लावतात तसं. रोज हात फिरत होता तोवर ते पुरत होतं. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली, सलूनमध्ये अर्धं पातं अडकवायचे वस्तरे आले आणि जुने वस्तरे धोकटीत पडून राहिले. ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण हात थांबला आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोलाद संपलं. ज्या वस्तूंनी पन्नास वर्षं खारा वारा सोसला, त्या नुसत्या ठेवून दिल्यामुळे गेल्या. म्हणून माझ्याकडचा प्रत्येक वस्तरा महिन्यातून एकदा बाहेर निघतो, पुसला जातो, पट्ट्यावर चार वेळा फिरतो आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात घेऊन परत जातो.

माझ्या चुका सांगतो, त्या तुम्ही करू नका. सेल्युलॉइडच्या मुठीचा एक वस्तरा मी इतर सहा वस्तऱ्यांबरोबर बिस्किटांच्या घट्ट डब्यात ठेवला होता. जुनं सेल्युलॉइड कुजू लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते, हे मला माहीत नव्हतं. एका पावसाळ्यात सातही वस्तरे गेले, तेही पात्याच्या सर्वांत पातळ भागापासून. सेल्युलॉइड नेहमी वेगळं, हवेशीर ठेवा. शिंगाच्या मुठीला किडा लागतो, तिला तेल पाजा. आणि मशीन सापडलं की आपल्याकडची समई घासतात तसं चिंचेने किंवा आमसुलाने घासू नका. त्या आंबटपणाने उरलासुरला मुलामा निघतो आणि पितळ लालसर पडतं. कोमट पाणी, थोडा साबण, जुना टूथब्रश, आणि मग लगेच कोरडं करणं, एवढं पुरे. ज्याचा मालक माहीत नाही त्या वस्तऱ्याने दाढी करू नका.

या चतुर्थीला माळा झाडाल, तेव्हा जुनं सामान भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. तो पितळेचा भाव वजनावर देतो आणि झिजलेली मूठ वजनात कमीच भरते. धोकटी सापडली तर ती पहिली वाचवा. मशीन सापडलं तर ते कोणाचं, कुठल्या गावचं, कुठून आलं, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. आपल्या हवेत शाई पसरते.