अँटेना आणि मेटामटेरियल : एक मागोवा

अँटेनाचा आकार तरंगलांबीने ठरतो. 18 मे 1988 रोजी सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचे नागपूर येथील 1 मेगावॉटचे प्रक्षेपण 1566 किलोहर्ट्‌झवर होत असे. त्या लहरीची लांबी सुमारे 191 मीटर होती, म्हणजे पाव तरंगलांबीचा मनोराही जवळपास 48 मीटर भरतो. ऑक्टोबर 2022 मध्ये एअरटेलने 5जी सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ शहरांत नागपूर होते. 5जीच्या 3.3 गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी 9 सेंटिमीटर आहे. तरीही आकाराची अडचण सुटली नाही. फोनच्या पातळ कवचात अनेक अँटेना एकमेकांना खेटून बसवाव्या लागतात. शिवाय अँटेना तरंगलांबीच्या मानाने लहान केला की त्याची बँडविड्थ घटते, ही मर्यादा एल. जे. चू यांनी 1948 मध्येच गणिताने दाखवली होती.

या अडचणीवरचा एक मार्ग म्हणजे मेटामटेरियल. तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान, ठरावीक आकाराच्या धातूच्या रचना ओळीने मांडल्या की त्यांतून जाणाऱ्या लहरीला तो समूह एकसंध पदार्थच भासतो. त्याचे गुणधर्म रसायनावर कमी आणि रचनेच्या आकारावर अधिक अवलंबून असतात. या विचाराचे मूळ जुने आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1898 मध्ये पिळलेल्या तागाच्या जुड्यांनी सूक्ष्मलहरींचे ध्रुवण फिरवून दाखवले. 1940 च्या दशकात विन्स्टन कॉक यांनी बेल प्रयोगशाळेत धातूच्या तुकड्यांपासून कृत्रिम परावैद्युत भिंगे बनवली.

1967 मध्ये व्हिक्टर व्हेसेलागो यांनी विद्युत आणि चुंबकीय दोन्ही गुणांक ऋण असलेल्या पदार्थाचा सिद्धांत मांडला. अशा पदार्थात लहर उलट्या बाजूला वाकते, म्हणजेच त्याचा अपवर्तनांक ऋण असतो. निसर्गात असा पदार्थ सापडत नसल्याने हा सिद्धांत तीस वर्षे पडून राहिला. जॉन पेंड्री यांनी 1996 मध्ये बारीक तारांची आणि 1999 मध्ये चिरा दिलेल्या दुहेरी कड्यांची रचना सुचवली. 2000 मध्ये डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दोन्हींचा मेळ घातला आणि 2001 मध्ये ऋण अपवर्तनांक प्रयोगाने सिद्ध झाला.

अँटेनाच्या कामाला मात्र त्याहून साधी रचना अधिक उपयोगी पडली. साध्या धातूच्या पत्र्यावरून परतताना लहरीची कला उलटते; म्हणून अँटेना पत्र्यापासून पाव तरंगलांबी दूर ठेवावा लागतो. 1999 मध्ये डॅन सीव्हनपायपर आणि सहकाऱ्यांनी छत्रीसारख्या तांब्याच्या चकत्यांचा पृष्ठभाग तयार केला. ठरावीक पट्ट्यात तो लहर कला न उलटवता परतवतो, त्यामुळे अँटेना त्याला जवळजवळ चिकटून बसू शकतो. हाच पृष्ठभाग पत्र्यावरून सरपटणाऱ्या लहरीही अडवतो. 2003 मध्ये फॅन यांग आणि याह्या रहमत-सामी यांनी दोन पॅच (फळीवर छापलेल्या सपाट) अँटेनांच्या मध्ये अशी रचना ठेवून त्यांचा परस्पर हस्तक्षेप सुमारे 8 डेसिबलने कमी केला. 2002 मध्ये स्टेफान एनॉक आणि सहकाऱ्यांनी शून्याजवळच्या अपवर्तनांकाचा थर वापरून किरण अरुंद करून दाखवला. त्याच दशकात ख्रिस्तोफ कॅलोझ आणि तात्सुओ इतोह यांनी विकसित केलेल्या मेटामटेरियल प्रेषणरेषांमुळे अँटेनाचा अनुनाद केवळ लांबीवर अवलंबून राहिला नाही. 2009 मध्ये एलजीच्या बीएल40 या फोनमध्ये रेस्पॅन कंपनीचा मेटामटेरियल अँटेना आला.

महाराष्ट्रातला समांतर धागा पॅच अँटेनाचा आहे. आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि 'समीर' या सूक्ष्मलहरी संशोधन संस्थेचे के. पी. रे यांचे रुंदपट्टा मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचे इंग्रजी पुस्तक 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. शेजारी जादा पॅच ठेवणे किंवा थरावर थर रचणे असे साधे उपाय बँडविड्थ वाढवतात, पण जागाही खातात. जागा वाचवायची असेल तिथे मेटामटेरियल उपयोगी पडते. मात्र त्यात बँडविड्थ आणि कार्यक्षमता यांपैकी काहीतरी द्यावे लागते, कारण अनुनादी कडी अरुंद पट्ट्यातच नीट चालतात आणि एफआर-4 सारख्या स्वस्त सर्किट-फळीत ऊर्जा वाया जाते.

2012 मध्ये स्थापन झालेल्या कायमेटा कंपनीने उपग्रह-संपर्कासाठी द्रवस्फटिकाने किरण वळवणारे सपाट अँटेना बाजारात आणले. आता लक्ष भिंतीवर लावायच्या परावर्ती मेटापृष्ठांकडे, म्हणजे मेटामटेरियलच्या पातळ पृष्ठभागांकडे आहे. नागपूरच्या इतवारीत किराणा ओळीसारख्या अरुंद वाटांवर दुतर्फा इमारती आणि लोखंडी शटर आहेत. उच्च वारंवारतेची लहर अशा कोपऱ्यांवर सहज वळत नाही. तिला ठरलेल्या दिशेने परतवणारा पृष्ठभाग तिथे उपयोगी ठरेल. हे तंत्र अद्याप बहुतांशी चाचण्यांच्या टप्प्यावर आहे.

पन्नास वर्षांहून अधिक काळाच्या या वाटचालीत मेटामटेरियलने चू यांची मर्यादा मोडली नाही. तिच्या आत राहून आकार, दिशा आणि हस्तक्षेप यांची सोयीची वाटणी करून देणे, हेच त्याचे खरे योगदान आहे.