मैदान गावाचं, मग मुलींचं का नाही?

‘काकू, स्टेडियम महापालिकेचं असतं म्हणजे नेमकं कुणाचं असतं हो?’ आमच्या छावणीतल्या, नववीत शिकणाऱ्या एका मुलीनं मला हा प्रश्न विचारला. ती शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू जरा मोठा, मैदान लहान. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, तर सॉफ्टबॉलमध्ये ६० फूट. १९९६ साली ऑलिम्पिकमध्ये मुलींच्या सॉफ्टबॉलला जागा मिळाली, तेवढा हा खेळ मोठा झाला. आमच्या मुलींना मात्र आजही सरावाला जागा शोधत फिरावं लागतं.

मैत्रिणींनो, तुम्हाला तर माहीतच आहे, चिकलठाणा एमआयडीसीच्या बाजूला महापालिकेच्या मालकीचं गरवारे स्टेडियम आहे. पण छावणी शहराच्या एका टोकाला, तर स्टेडियम दुसऱ्या. नगर नाका, क्रांती चौक, मोंढा नाका, सिडको... जाता जाताच जीव मेटाकुटीला येतो. त्यात आम्ही पडलो छावणीतले! १९८२ साली महापालिका झाली, तरी आमची घरपट्टी वर्षानुवर्षं छावणी परिषदेकडेच. मग त्या स्टेडियमवर आमचा काय हक्क, असं कुणी म्हणेल. पण गुरुवारी छावणीच्या बाजाराला अख्खं शहर लोटतं, तेव्हा आपण कुणाला हद्द विचारतो का? नाही ना? मग मैदानाच्या फाटकावर तरी का विचारावी?

स्टेडियम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी मॅच येते. झगमगाट, पाहुणे, टीव्हीचे कॅमेरे. पण मोठ्या मॅचच्या भरवशावर गावाचं स्टेडियम जगत नाही. पुण्याचं नेहरू स्टेडियम आठवा. तेही महापालिकेचंच. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी तिथेच विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळलं होतं. केवढा गाजावाजा झाला होता त्याचा! पण २००५ नंतर तिथे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला नाही, आणि २०१२ पासून मोठे सामने गहुंज्याच्या नव्या स्टेडियमवर गेले.

अमेरिकेतही हेच. तिथे बेसबॉलच्या मोठ्या संघांखाली दुय्यम संघांच्या लीग असतात. उद्याचे खेळाडू तिथे घडतात. यातली कितीतरी स्टेडियम नगरपालिकेच्या मालकीची, आणि संघ तिथे भाडेकरू! ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावाचं मॅकॉय स्टेडियम असंच गावाचं. १९८१ साली तिथे एक सामना ३३ डाव चालला. एरवी नऊ डावांत संपणारा खेळ! व्यावसायिक बेसबॉलमधला तो सर्वांत लांबलेला सामना. पिढ्यान्‌पिढ्या आईबाप पोरांना घेऊन तिथे जायचे. पुढे संघानं नवं स्टेडियम मागितलं, पैशांवरून बोलणी फिसकटली, आणि २०२१ मध्ये संघ शेजारच्या राज्यातल्या वूस्टर शहरात गेला. तिथे त्या शहरानं नवं स्टेडियम बांधून दिलं होतं. इकडे मॅकॉय ओस पडलं. शेवटी ते पाडून तिथे शाळा बांधायचं ठरलं. भाडेकरू निघून गेला आणि घरमालकाच्या हाती रिकाम्या भिंती राहिल्या, अशी ती गत.

यातून मी एवढंच शिकले की, गावाचं मैदान जिवंत ठेवतात ती रोज येणारी माणसं. सकाळी फिरायला येणाऱ्या आजी, संध्याकाळी घामाघूम होणारी पोरं आणि पोरीसुद्धा! पण बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एकीनंही ‘मुलीनं खेळू नये’ असं म्हटलं नाही. सगळ्या विचारत होत्या त्या साध्या गोष्टी. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? अंधार पडल्यावर दिवे लागतात का? प्रशिक्षक कोण? परत आणायला कोण जाणार? या प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत की मुलगी घरी बसते. आणि आपण म्हणतो, ‘मुलींना खेळाची आवडच नाही!’

म्हणून सांगते, हे प्रश्न घरात कुजबुजत बसू नका. चार-पाच जणी मिळून जा. मैदानाचं वेळापत्रक मागा. आठवड्यातले निदान तीन दिवस, ठरलेली वेळ मुलींसाठी राखून ठेवा, असं लेखी द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहेच. दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं की मैदान कुणाला, किती दिवस आणि किती भाड्यानं दिलं. आणि छावणीसारख्या लांबच्या वस्तीत जवळच एखादी मोकळी जागा सपाट करून मागा. सॉफ्टबॉलला काही संगमरवर लागत नाही!

मॅचच्या दिवशी पुढच्या खुर्च्या पाहुण्यांना खुशाल द्या. बाकीच्या दिवसांत मैदानात आपली मुलगी दिसली पाहिजे. महापालिकेचं म्हणजे कुणाचं, तर जी रोज जाऊन हक्कानं खेळते तिचं. पण तिला तिथवर पोहोचवायला आधी आपण, तिच्या आयांनी, घराबाहेर पडायला हवं.