वृक्षांचा सोबती : अमॅनिटा

पावसाची पहिली झड बसली कीं रानांत, कुरणांत, उकिरड्यावर भूछत्रें उगवतात. आपण त्यांना ‘कुत्र्याच्या छत्र्या’ म्हणतों, आणि कुजक्या पदार्थांवर जगणारी ती एक क्षुद्र सृष्टि आहे असें समजून पुढें जातों. पुष्कळ भूछत्रांच्या बाबतींत हें खरेंहि आहे. परंतु कांहींचा संसार अगदीं निराळा असतो. कोंकणांत व गोव्यांत आवडीनें खाल्लीं जाणारीं वारुळावरचीं अळंबीं वाळवीच्या सोबतीनें वाढतात. आणि आज ज्या अमॅनिटा नांवाच्या वंशाविषयीं मी बोलणार आहें, त्यांतील बहुतेक जाति जिवंत वृक्षांच्या सोबतीनें जगतात.

या वंशांत कित्येक शें जाति आहेत. त्यांचा अंकुर प्रथम अंड्यासारखा, एका आवरणांत गुंडाळलेला असतो. देंठ वाढला कीं आवरण फाटतें. कांहीं जातींत त्याचे तुकडे छत्रीवर ठिपक्यांसारखे चिकटून राहतात. कांहींत खालचा भाग देंठाच्या बुडाशीं वाटीसारखा उरतो. छत्रीच्या पोटाशीं पातळ पापुद्रे असतात व त्यांतून पांढरे बीजाणु गळतात. युरोपांतील परीकथांच्या चित्रांत जी तांबडी, पांढऱ्या ठिपक्यांची छत्री दिसते, ती अमॅनिटा मस्कॅरिया याच वंशांतली.

पण छत्री हें केवळ फळ होय. खरें शरीर म्हणजे जमिनींत पसरलेलें सूक्ष्म तंतूंचें जाळें. हे तंतु ओक, बर्च, पाइन अशा झाडांच्या कोंवळ्या मुळांभोंवतीं मोज्यासारखें वेष्टण विणतात व पेशींच्या फटींतून आंत शिरतात. पेशी मात्र फोडीत नाहींत. येथेंच देवघेव चालते. मुळांना जेथें पोंचतां येत नाहीं तेथून तंतु पाणी, नत्र व स्फुरद आणून देतात. झाड पानांत तयार केलेली साखर त्यांना देतें. १८८५ सालीं आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें या जोडीला ‘मायकोऱ्हायझा’, म्हणजे कवकमूळ, असें नांव दिलें. ही बुरशी म्हणजे झाडाची दाई आहे, हें त्याचें म्हणणें त्या वेळीं अनेकांना पटलें नाहीं.

ही सोबत किती पक्की आहे याचा पुरावा २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत मिळतो. पालापाचोळ्यांतील सेल्युलोज पचविण्यास लागणारीं कांहीं जनुकें या वृक्षसोबती जातींनीं कायमचीं गमावलेलीं आहेत. एकट्यानें जगण्याची जुनी वाट त्यांना आतां बंद आहे. म्हणूनच प्राचीन रोमन लोकांनीं नांवाजलेलें ‘सीझरचें भूछत्र’, जें याच वंशांतलें व खाद्य आहे, तें आजहि रानांतूनच वेंचून आणावें लागतें.

झाड गेलें तेथें हा सोबतीहि गेला. युरोपांतील रोपें दूरदेशीं नेलीं गेलीं, तेव्हां त्यांच्या मुळांबरोबर अमॅनिटा फॅलॉइडीस ही जाति ऑस्ट्रेलियांत व अमेरिकेंत पोंचली. कॅलिफोर्नियांत तर तिनें तेथील मूळच्या ओकशींहि सोयरीक जमविली. इंग्रजींत हिला ‘डेथ कॅप’ म्हणतात, आणि तें नांव सार्थ आहे. भूछत्रांच्या विषबाधेनें जगांत जे मृत्यु होतात, त्यांतील बहुतेक हिच्यामुळें होतात. १७४० च्या ऑक्टोबरांत सम्राट सहावा चार्ल्स भूछत्रें खाऊन आजारी पडला व वारला. तो हिचाच बळी असावा असें मानतात. त्याच्यामागें वारसाहक्कावरून युरोपांत आठ वर्षें युद्ध चाललें.

हिच्यांतील अमॅनिटिन हें विष शिजवून वा वाळवून नष्ट होत नाहीं. चवीवरूनहि संशय येत नाहीं. सहा ते बारा तासांनीं, कधीं त्याहूनहि उशिरां, ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. मग एखादा दिवस रोग्यास बरें वाटतें. परंतु त्याच फसव्या अवधींत यकृत निकामी होत असतें. आशियांत भाताच्या पेंढ्यावर वाढविलेलें अळंबें कोंवळेपणीं हिच्यासारखेंच दिसतें. तेंच हें, अशा समजुतीनें परदेशीं गेलेल्या कांहीं आशियाई लोकांनीं ओकाखालची ही छत्री घरीं नेली आणि प्राण गमावले. कॅलिफोर्नियांत वा मेलबोर्नला ज्यांचीं मुलें-नातवंडें राहतात, त्यांनीं एवढी गोष्ट त्यांच्या कानांवर अवश्य घालावी.

चांदीचा चमचा काळा पडला नाहीं, छत्रीची साल सहज निघाली, किंवा गोगलगाईनें ती कुरतडली आहे, म्हणून ती निर्विष, अशा कसोट्या लोकांत रूढ आहेत. त्या सर्व खोट्या आहेत. जाणत्यानें नक्की ओळखल्याशिवाय रानांतलें भूछत्र खाऊं नये. आणि चुकून खाल्लेंच, तर त्रासाची वाट न पाहतां, उरलेला तुकडा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गांठावें.

मात्र भीतीपोटीं दिसेल तें भूछत्र लाथेनें उडविणेंहि शहाणपणाचें नव्हे. जें आपल्या ताटांत मृत्यु आहे, तेंच मुळांशीं त्या वृक्षाचें अन्नपाणी आहे. त्याची जागा रानांत आहे. तेथें त्याला सुखानें राहूं द्यावें.