खवट लोणी आणि ‘हार्शली’

डेन्मार्कमध्ये लोणी जुनं होऊन वास मारायला लागलं, की त्याला ‘हार्स्क’ म्हणतात. आपण खवट म्हणतो तेच. इंग्रजीतला ‘हार्श’ याच घराण्यातला, उत्तरेकडून इंग्लंडात आलेला. तिथे तो आधी हाताला लागणाऱ्या खरखरीतपणासाठी वापरला जाई. पुढे जीभ, कान असं करत करत तो माणसाच्या बोलण्या-वागण्यापर्यंत पोचला. त्याचा जर्मन भाऊबंद तर बर्फात सापडतो: वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फावर जो कडक पापुद्रा धरतो, त्याला जर्मनीत ‘हार्श’ म्हणतात.

त्वचेला आणि जिभेला खुपणारा हा शब्द ‘हार्शली’, म्हणजे ‘कठोरपणे’, झाला तरी त्याचं खुपणं गेलं नाही. तो शिकायचा तर आधी एवढं ध्यानात ठेवावं.

कडक कारवाई म्हणजे हार्शली नव्हे

मराठीत ‘कडक’ एकटा किती कामं करतो! कडक नियम, कडक शिक्षा, कडक शब्द, कडक ऊन, कडक इस्त्री आणि कडक चहासुद्धा. इंग्रजीत या कामांची वाटणी झालेली आहे. नियमाशी बांधलेलं ते ‘स्ट्रिक्टली’. तीव्रतेचं माप सांगणारं ते ‘सिव्हिअरली’: पुरात पूल सिव्हिअरली डॅमेज होतो, हार्शली नाही, कारण पुराच्या मनात पुलाबद्दल काही नसतं. ‘हार्शली’ला मात्र बहुतेक वेळा माणूस लागतो. कुणीतरी कुणाला तरी बोललेलं, वागवलेलं, जोखलेलं, शिक्षा केलेली असावी लागते.

शिवाय त्यात तक्रारीचा सूर असतो. ‘ही वॉज पनिश्ड सिव्हिअरली’ म्हटलं तर शिक्षा मोठी होती एवढंच कळतं. ‘हार्शली’ म्हटलं, की बोलणाऱ्याला ती जरा जास्तच झाली असं वाटतंय, हेही ऐकू येतं. म्हणून नोटिशीत ‘वुई विल डील विथ यू हार्शली’ लिहू नये. आपण अन्याय करणार आहोत, असं आपणच जाहीर केल्यासारखं होतं. तिथे ‘स्ट्रिक्टली’च हवं. हा फरक नीट शिकवलेला मला फार कमी ठिकाणी दिसतो, आणि मला तर या शब्दाचा जीवच त्यात आहे असं वाटतं.

याची नेहमीची सोबत मोजक्याच क्रियापदांशी: स्पीक, ट्रीट, जज, पनिश, क्रिटिसाइझ. पाचही जोड्या तोंडात बसल्या, की निम्मं काम झालं. जागेचंही एक पथ्य आहे. ‘शी ट्रीटेड हिम हार्शली’ बरोबर. ‘शी ट्रीटेड हार्शली हिम’ मात्र नाही. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये त्याला घुसू द्यायचं नाही. कर्मणी प्रयोगात तो खुशाल मधे बसतो: ‘द फिल्म वॉज हार्शली क्रिटिसाइझ्ड’.

शेपटात लपलेलं शरीर

शेवटचं ‘ली’ साधं दिसतं, पण त्याचं मूळ ‘शरीर’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दात आहे. शरीर, मग रूप, मग ‘त्या रूपाने’ असा त्याचा प्रवास झाला. तोच जुना शब्द इंग्लंडमधल्या खेड्यांत अजून उभा आहे. चर्चच्या आवाराच्या तोंडाशी छप्पर असलेलं जे दार असतं, त्याला ‘लिच-गेट’ म्हणतात. दफनाआधी पार्थिव तिथे विसावत असे.

हार्डलीने जागा सोडली

‘हार्ड’ला ‘ली’ लावलं की कठोरपणे, असं कुणालाही वाटेल. एके काळी ते खरंही होतं. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये साराय आपली दासी हागार हिला छळते, तिथे क्रियाविशेषण आहे ‘हार्डली’. १९५२च्या सुधारित भाषांतरात त्याच जागी ‘हार्शली’ आलं. मधल्या काळात ‘हार्डली’चा अर्थ घसरत ‘जेमतेम’वर आला होता. त्यामुळे आज ‘ही वर्क्स हार्ड’ ही शाबासकी आणि ‘ही हार्डली वर्क्स’ ही कागाळी. ‘हार्ड’ शेपटाशिवायच क्रियाविशेषण होतं, आपल्या घाटातल्या ‘गो स्लो’ या पाटीतल्या ‘स्लो’सारखं.

‘रफली’ची आणखी वेगळी तऱ्हा. ‘रफली हँडल्ड’मध्ये धसमुसळेपणा, ‘रफली अ हंड्रेड’मध्ये नुसता अंदाज.

मराठीला क्रियाविशेषण लागतंच कुठे?

खडसावणं, दरडावणं, झापणं, फटकारणं, सुनावणं, कानउघाडणी करणं, खरडपट्टी काढणं, बिनपाण्याने करणं. यात ‘कठोरपणे’ कुठेही नाही आणि प्रत्येकाची धार वेगळी. मराठी माणूस राग क्रियापदातच भरतो. म्हणूनच ‘तो हार्शली बोलला’ असं इंग्रजीत सांगताना आपल्याला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं.

क्रियापदात किती ताकद असते, याचा एक नामांकित प्रयोग आहे. १९७४मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि मोटारींचा वेग विचारला. प्रश्नात ‘स्मॅश्ड’ हा शब्द होता तेव्हा अंदाजाची सरासरी आली ताशी ४०.८ मैल, ‘कॉन्टॅक्टेड’ होता तेव्हा ३१.८. प्रश्नातलं एक क्रियापद बदललं आणि नऊ मैलांचा फरक पडला!

चवींचं खानदान

कठोरपणाचे इंग्रजी शब्द उकलत गेलं, की आपण पुन्हा पुन्हा तोंडाशीच येतो. ‘ऑस्टिअरली’च्या मुळाशी जीभ कोरडी करणाऱ्या, तुरट चवीचा ग्रीक शब्द. ‘बिटरली’चं नातं चावण्याशी, म्हणजे ‘बाइट’शी. ‘सार्कास्टिकली’ ज्या ग्रीक क्रियापदातून आलं, त्याचा अर्थ मांस फाडणं. ‘कॉस्टिकली’ म्हणजे जाळणारं. मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा आठवा. आणि ‘रुथलेसली’त जे ‘रुथ’ आहे, ती कोणी बाई नव्हे. ‘रुथ’ म्हणजे करुणा. इंग्रजीत करुणेचा तो शब्द जवळपास विरून गेला, तिचा अभाव सांगणारा तेवढा रोज वापरात राहिला.

भयंकर गोड

‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ मुळात भीतीचे. आता ‘टेरिबली सॉरी’, ‘ऑफुली नाइस’ म्हणताना कोणी घाबरत नाही. आपण बाळाला ‘भयंकर गोड’ म्हणतो आणि विनोदावर ‘बेक्कार’ हसतो, तसंच ते. दोन्ही भाषांनी भीतिदायक शब्द झिजवून नुसते ‘खूप’ या अर्थाचे केले. ‘हार्शली’ मात्र झिजला नाही. ‘हार्शली नाइस’ कोणी म्हणत नाही.

सरावाला एक खेळ सुचवतो. १९१०पासून निघालेल्या टॉम स्विफ्ट या साहसकथांमध्ये टॉम क्रियाविशेषणाशिवाय फारसा बोलतच नसे. पुढे अमेरिकेत त्यावरून कोट्यांचा प्रकारच निघाला: बोलणं आणि क्रियाविशेषण यांचा श्लेष जुळवायचा. ‘देअर इज नो शुगर इन माय टी,’ सेड टॉम बिटरली. ‘धिस सँडपेपर इज न्यू,’ सेड टॉम रफली. आता ‘हार्शली’वर एक जुळवून पाहा. खवट लोण्यावर जमली, तर डेन्मार्कवालेही दाद देतील!